जमखान्याची सातवी पट्टी

माझी बायको गेली तेव्हा मी मागाच्या खड्ड्यात विणत बसलो होतो. तिच्यापासून चार हातांवर. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगीच आशा लागायला नको.

मी मराठी तिसरीपर्यंत शिकलो. लिहायची सवय नाही. साडीच्या काठावर नाव विणून दे म्हटलं तर देईन, पण कागदावर हात अडतो. तरी लिहितोय, कारण ही गोष्ट मी तोंडानं कुणाला सांगितली नाही, आणि आता सांगावी असं माणूस घरात उरलं नाही.

आम्ही बेळगावजवळच्या वडगावचे विणकर. बापानं साड्या विणल्या, मीही साड्याच विणल्या. ती निपाणीची. तिच्या बापाचा माग फार आधी मोडला आणि ते घर तंबाखूच्या कामाला लागलं. लहानपणी ती आईबरोबर जैनांच्या शेतात पानं खुडायला जायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. घरात माग, ती आणि मी. कांड्या भरणं, रंग करणं, ताणा लावणं, सगळं ती करायची. मी फक्त धोटा मारायचो, आणि लोक कौतुक माझं करायचे.

साहेबाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. निपाणीच्या तंबाखूला बरे दिवस होते. तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी आमच्या साड्या जायच्या. त्याला सगळे अण्णा म्हणायचे. जैन माणूस, बोलायला गोड, हिशेबाला कडक. त्यानं नवी पेढी बांधली. मोठी बैठकीची खोली, लांबून येणाऱ्या दलालांसाठी. त्यानं मुंबईत कुठल्यातरी कचेरीत विलायती गालिचा बघितला होता, गुलाबांचा. मला बोलावून म्हणाला, "तसला जमखाना मला पायजे. पर सुती. लोकरीला आमची आक्का शिवत न्हाय."

आक्का म्हणजे त्याची आत्या. विधवा, वयानं सत्तरीच्या पुढं. पेढी अण्णाची होती, पण घर आक्काचं होतं.

मी घरी आलो आणि म्हटलं, गुलाब काढायचे हायत. ती तेव्हाच आजारी होती. छातीचा रोग. बेळगावच्या डॉक्टरनं विश्रांती घ्या, दूध प्या, हवा बदला असं सांगितलं होतं. विश्रांती आणि दूध एवढं मी करू शकत होतो. हवा कशी बदलायची ते त्यानं सांगितलं नाही.

"गुलाब नको," ती म्हणाली.

"का गं?"

"देवाला वाहत्यात. त्येच्यावर दलालानं पाय घासायचं व्हय?"

"मग कमळ काढू."

"लक्ष्मी बसती त्येच्यावर. तिला उठवून गिऱ्हाईक बसिवणार?"

"मग कोयरी."

"कोयरी माझ्या पदराला हाय. पदर पायाखाली घालत न्हाईत."

मला राग आला. "मग शेण काढ," म्हटलं.

ती हसली, आणि हसली की खोकायची तशी खोकली. मग म्हणाली, "जवळ आलासा बघा. माणूस ज्येच्यावर रोज पाय देतो तेच काढायचं. माळ काढायचा."

दुसऱ्या दिवशी तिनं जमीन सारवून घेतली, शेजारणीकडून, आणि भिंतीला टेकून बसून रांगोळीच्या चिमटीनं त्यावर माळ काढला. अनगोळकडं जाताना दिसतो तसा. तांबडी माती, गवताचे झुबके, मधे मधे कुर्डूचे तुरे, खाली पांढरे आणि वर गुलाबी. मी म्हटलं, गवत हिरवं कर, उठून दिसंल. तर म्हणाली, "हिरवं न्हाय चालायचं. चातुर्मासात आक्का हिरव्यावर पाय ठेवत न्हाईत. त्यांच्याच शेतात पानं खुडताना म्या लहानपणापासनं बघतीया. दिवाळीनंतरचं वाळकं गवत काढायचं. त्येच्यावर कुणीबी चालतंय."

एवढं तिला माहीत होतं. मला माहीत नव्हतं, आणि असं का ते मी विचारलंही नाही; पुढं जे झालं ते त्यामुळंच झालं.

जमखाना साडीच्या मागावर एका अंगात निघत नाही. माग अरुंद. म्हणून सात पट्ट्या विणायच्या, प्रत्येक अडीच हात रुंद आणि वीस हात लांब, आणि मग कडेला कड लावून शिवायच्या. खडेबाजारातनं जाड सूत आणलं, तिनं सांगितलं तसं रंगवलं. पहिल्या पट्टीला ती मागाशेजारी पडून रंग सांगायची. "पिवळा चार बोटं. आता तांबडा सोडा. अजून सोडा. हां, थांबा." दुसऱ्या पट्टीच्या मध्यावर तिचा आवाज बसायला लागला. दोन शब्द बोलली की खोकला. मग तिनं दोऱ्या केल्या. प्रत्येक पट्टीची एक सुतळी, तिला रंगीत धाग्यांच्या गाठी. सुतळी मागाच्या कडेला बांधायची आणि गाठ येईल तो रंग घालायचा. पडल्या पडल्या तिनं सात दोऱ्या बांधल्या, आधीच्या दोन पट्ट्यांच्याही. तिच्या डोक्यात अख्खा जमखाना होता.

माझ्या डोक्यात काही नव्हतं. विणणाऱ्याला वीतभर कापड दिसतं. विणून झालं की ते पोटासमोरच्या लाकडी रुळावर, तुरीवर, गुंडाळलं जातं, संपलं. मला नुसतं एवढंच दिसायचं की प्रत्येक पट्टीत एक जागा मोकळी सुटते. गवत नाही, तुरा नाही, नुसता तांबडा. कधी या कडेला, कधी त्या.

"हितं विसरलीस बघ," मी म्हणायचो.

"इणा गप. पसरल्यावर बघा," ती म्हणायची.

तिला फक्त तेच पाहिजे होतं. एकदा पसरलेला बघायचा. आमच्या घरात दोन पट्ट्याही शेजारी शेजारी मावत नव्हत्या. तो पेढीतच पसरणार होता, निपाणीला. तिथं तिचं माहेर होतं, भाऊ होता. ठरलं असं की सातही पट्ट्या झाल्या की दोघांनी मोटारीनं जायचं, तिनं भावाकडं राहायचं, मी पेढीत बसून शिवायचं, आणि पसरला की तिला गाडीत घालून आणून दाखवायचा. ती रोज विचारायची, किती राहिला. डॉक्टरही तिला काही सांगत नव्हता, पण ती माझ्यापेक्षा शहाणी होती.

आता माझं काम सांगतो.

आमच्या मागच्या भिंतीला मुंग्यांचं वारूळ होतं. ती दर शनिवारी त्यांना कणीक-साखर घालायची. अंथरुणाला खिळली तेव्हा ते बंद झालं. मग मुंग्याच तिच्याकडं यायला लागल्या. औषधाची गोडसर बाटली होती, तिच्या वासानं असेल. भिंतीवरनं एक काळी रांग उतरायची आणि तिच्या उशाशी यायची. मी झाडून काढायला गेलो तर म्हणाली, "असू द्या. तुमी दिवसभर खड्ड्यात. मला तेवढीच सोबत."

सातवी पट्टी लावली तेव्हा मला वाटलं, हिच्यासाठी काहीतरी करावं. माझं म्हणून. तिच्या दोरीत नव्हतं ते. मी त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेनं काळ्या सुताच्या मुंग्या घातल्या. वीस हात लांब रांग. एकामागं एक, सगळ्या एकाच दिशेनं चाललेल्या. तिला सांगितलं नाही. पसरल्यावर बघेल, म्हटलं.

निपाणीत तिला भावाच्या घरी ठेवलं. मी पेढीत सुई-दोरा घेऊन बसलो. दोन दिवसांत सहा पट्ट्या शिवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या अख्ख्या खोलीभर पसरल्या आणि मी भिंतीला जाऊन उभा राहिलो. तेव्हा मला कळलं. त्या मोकळ्या जागा एकमेकींना लागल्या होत्या. ती पायवाट होती. दारातनं माळावर शिरणारी. माझ्या डोळ्यासमोरनं सहा वेळा गेली आणि मला दिसली नव्हती. फक्त सातवी पट्टी लागायची होती, म्हणून वाट भिंतीच्या अलीकडं तुटत होती.

त्याच वेळेला तिला आणायला पाहिजे होतं. भावाचं घर हाकेच्या अंतरावर. पण मी म्हटलं, तुटकी वाट काय दाखवायची. संध्याकाळपर्यंत सातवी शिवतो आणि उद्या पुरी दाखवतो. असं म्हणून मी सातवी पट्टी उलगडली. तेवढ्यात आक्का बघायला आल्या.

त्या दारात उभ्या राहिल्या. गवत बघितलं, कुर्डू बघितला. म्हणाल्या, "ब्येस हाय. आमच्या वरच्या शेताच्या बांधावर असंच असतंय." मग सातव्या पट्टीच्या कडेला वाकल्या. डोळ्यांनी अधू होत्या, पण ते मात्र बरोबर दिसलं.

"ह्या मुंग्या कुणी काढल्या?"

"म्या," मी म्हटलं. जरा ताठ मानेनंच म्हटलं.

"ह्येच्यावर म्या पाय देणार न्हाय. ह्या घरातलं कुणी देणार न्हाय."

"आक्का, सुताच्या हायत्या."

"सुताच्या का असंनात. पाय देताना मनात मुंगी येतीच की रं. मनात मारली तरी मारलीच."

अण्णा आला. त्याला मी म्हटलं, कड आत दुमडून शिवतो. आक्का म्हणाल्या, दुमडली तरी पायाखालीच. अण्णा म्हणाला, कापून टाक. मी म्हटलं, कापली तर पट्टी धागा धागा उसवत जाईल. अण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्काच्या पुढं माझंबी चालत न्हाय. सातवी तेवढी नव्यानं इणून आण. घाई न्हाय."

घाई नाही, म्हणे. एक पट्टी म्हणजे एक महिना. मी त्याला सांगणार होतो की घाई आहे. पण तोंड उघडलं नाही. आपलीच चूक होती. आक्कावर रागावता येईना, अण्णावर रागावता येईना, आणि स्वतःवर रागावून पट्टी निघत नाही.

सहा पट्ट्या अजून तशाच पसरलेल्या होत्या. दार उघडं होतं. तेव्हाही तिला आणता आलं असतं. मी त्या गुंडाळल्या आणि कोपऱ्यात उभ्या केल्या. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. लाज वाटली, एवढंच.

तिला जाऊन खोटं सांगितलं, पेढीची फरशी ओली हाय म्हणून. तिच्या भावानं बाजारात ऐकलंच होतं, त्यानं रात्री सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी भावजय पोरांना हिच्या खोलीत जाऊ देईना, आणि भाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "घरी न्हेलेलं बरं, दाजी. पोरं ल्हान हायत." त्यालाही काय बोलणार. त्याची पोरं खरंच लहान होती.

परतीच्या मोटारीत ती मुंग्यांची पट्टी अंगाखाली घेऊन झोपली होती. मी तिला मागच्या सगळ्या बाकावर आडवी केली होती. अर्ध्या वाटेत तिनं पट्टीची कड हातात धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अवो," म्हणाली, "मुंगीला पाय किती?"

"चार."

"सा असत्यात. म्या रोज मोजतीया."

"असंल."

"तुमी चारच घातल्यासा. चार पायाची मुंगी म्हंजी मुंगी न्हवंच. आक्काला तसं सांगायचं हुतं की."

हसली आणि खोकली. ड्रायव्हरनं वळून बघितलं. हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, "वाट दिसली का तुमास्नी?"

"दिसली."

"कशी दिसती?"

मी विणकर माणूस. बोलायला मला कधी आलंच नाही. म्हटलं, "बरी दिसती."

तिनं डोळे मिटले.

घरी येऊन दुसऱ्या दिवशी ताणा लावला. तोही एकट्यानं, म्हणून दोन दिवस जास्त गेले. मग सातवी पट्टी पुन्हा. तीच दोरी, त्याच गाठी. मुंग्या सोडून. दिवसाला वीत-दीड वीत निघायची, त्यापुढं हात ओढला तर वीण सैल पडायची, आणि सैल वीण तिला आवाजावरनं कळायची. फणी मारताना ठोका वेगळा येतो. "सैल पडतंय," असं अंथरुणातनं म्हणायची. मग मी उसवून पुन्हा घालायचो. एकदा मी चिडून म्हटलं, "सैल पडू दे की. लवकर हुईल."

"लवकर करून काय करायचं," ती म्हणाली. "चांगली हू द्या."

तिच्याजवळ बसावं की विणावं, हे मला कळेना. बसलो तर म्हणायची, उठा, माग बंद का पडला. विणत राहिलो तर माझी पाठ तिच्याकडं. शेजारीण दूध घेऊन यायची, ते तसंच थंड व्हायचं. डॉक्टर एकदा येऊन गेला. पैसे घेतले नाहीत. तेव्हा मला कळलं.

ती गेली त्या दिवशी सकाळी सुतळीच्या शेवटच्या तीन गाठी राहिल्या होत्या. पिवळी, तांबडी, पिवळी. मी विणत होतो. बराच वेळ तिचा आवाज नव्हता, पण मला वाटलं, वीण चांगली पडतीय म्हणून बोलत नाही. आपल्या मनात मी खूश होतो. पिवळी गाठ संपवून मागं बघितलं. मुंग्या तिच्या उशाशी आल्या होत्या, रोजच्यासारख्या. ती बघत नव्हती.

लोक म्हणाले, अंथरूण जाळा, रोग वाईट. जाळलं. त्यात मुंग्यांची पट्टीही गेली. मी अडवलं नाही. अडवून काय करणार होतो.

तिचे दिवस घालून झाले आणि मी राहिलेल्या दोन गाठी विणल्या. त्या विणायला अर्धा दिवस लागला. मग पट्टी खांद्यावर टाकून निपाणीला गेलो. शिवली. पसरली. मुनीम लोक गाद्या-लोड घेऊन दारात थांबले होते. आक्का आल्या. अनवाणी, काठी टेकत त्या दारातनं वाटेवर आल्या, आणि गवताला न लागता वाटेवाटेनंच पार खिडकीपर्यंत चालत गेल्या. तिथं थांबून म्हणाल्या, "ही तुझ्या डोक्यातनं न्हाय निघाली. कुणाची?"

"घरच्यांची."

"कुठं हायत्या?"

मी सांगितलं.

आक्कांनी खिडकीतनं बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी हितंच हुत्या न्हवं त्या? भावाकडं?"

"व्हय."

"मग आणायचं हुतंस की रं त्यांना. मुंग्यांवर पाय देणार न्हाय म्हटलं हुतं म्या. बघू नका म्हटलं न्हवतं."

वाईट बोलायचं म्हणून बोलल्या नाहीत. खरं होतं ते बोलल्या. मुनिमांनी गाद्या मांडायला घेतल्या, आणि मी सुई-दोरा गोळा करून मोटारीला गेलो. पुन्हा त्या पेढीत कधी गेलो नाही. सातही दोऱ्या माझ्यापाशी आहेत. त्यांच्यावरनं अजूनही अख्खा जमखाना विणता येईल, पण माझे हात आता चालत नाहीत.

मोटारीत तिनं विचारलं होतं, कशी दिसती. "बरी दिसती" म्हणायला नको होतं. असं सांगायला पाहिजे होतं. दारातनं आत आलं की आधी नुसती तांबडी माती लागते, माणसं जास्त ये-जा करतात तिथली. मग डाव्या हाताला गवताचा मोठा झुबका आहे, वाट त्याला वळसा घालते, कारण आधी कुणीतरी तसाच वळसा घातला असणार. पुढं कुर्डू आहे, दोन्ही बाजूंना, वाटेकडं जरा झुकलेला. मधे एका जागी वाट रुंद होते. तिथं दोन माणसं बोलत उभी राहिली असतील. मग ती अरुंद होत जाते, एका माणसापुरती, आणि खिडकीखाली भिंतीला जाऊन मिळते. पुढं खिडकीतनं खराच माळ दिसतो, तंबाखूच्या शेतांपलीकडचा. तसाच तांबडा. तू तिथं लहानपणी चालली असशील.